वळिवड्याची छावणी आणि आपला उंबरठा



२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काही आठवड्यांत लाखो स्त्रिया, मुले व वृद्ध सीमा ओलांडून शेजारच्या देशांत आले. त्यांच्यासाठी आपण मिस्सात प्रार्थना केल्या. तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. पोलंड किंवा जर्मनी त्यांना सांभाळू शकतात, पण आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसांनी काय करावे? आपलेच आपल्याला पुरत नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सापडते, म्हणून या रविवारी तिकडे जाऊ या.

१९३९ साली हिटलरने पश्चिमेकडून व स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबे १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आली. थंडी, उपासमार व आजार यांनी कित्येक दगावले. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा १९४१ साली या लोकांची सुटका झाली. पुरुष सैन्यात भरती झाले. बायका-मुले इराणमार्गे वाट मिळेल तिकडे निघाली आणि त्यांतील काही हजार भारतात पोहोचली. हे लोक ज्या मुलखातले होते, त्याचा मोठा भाग आज युक्रेनमध्ये आहे. २०२२ साली ज्या लव्हीव शहराचे नाव आपण रोज बातम्यांत ऐकत होतो, ते तेव्हा पोलंडमध्ये होते.

अनाथ मुलांचा पहिला जथा १९४२ साली मुंबईत वांद्र्याला उतरला व तेथून जामनगरच्या जामसाहेबांनी बालाछडी येथे उभारलेल्या छावणीत गेला. कुटुंबांसाठीची मोठी छावणी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला सुरू झाली. तेथे सुमारे ५,००० माणसे राहिली.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. देश पारतंत्र्यात होता. पंडित नेहरू व मौलाना आझाद आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती आणि धान्याला रेशन लागले होते. अशा वेळी परक्या देशाच्या, परक्या भाषेच्या पाच हजार माणसांना जागा मिळाली. खर्चाचा मोठा भार लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला, हे खरे. पण जमीन, पाणी, बाजार आणि शेजार इथलाच होता. पैशाने शेजार विकत मिळत नाही.

छावणीत काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. बराकी साध्याच होत्या, परंतु प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा व स्वतःची चूल होती. पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या. दवाखाना होता, चर्च होते, बालवीरांची पथके होती, सहकारी दुकाने होती. कारभार मुख्यतः त्यांचेच लोक पाहत. बायका कोल्हापूरच्या बाजारात जाऊन स्वतः घासाघीस करून भाजी आणत. एक मुलगी तर कोल्हापूरच्या घरात सून म्हणून गेली आणि आयुष्यभर तिथेच राहिली.

‘निर्वासित’ हा शब्द उच्चारताना आपण थांबत नाही. निर् म्हणजे शिवाय आणि वास म्हणजे राहणे. ज्याचे राहणेच काढून घेतले गेले, तो निर्वासित. त्याची भूक ही त्यानंतरची गोष्ट. आता आपण अशा माणसाला फक्त ताट वाढले, तर त्याच्या भुकेला उत्तर मिळाले, पण जे हरवले ते हरवलेलेच राहिले. आपल्या जेवणाची वेळ, त्यात किती मीठ घालायचे, मुलाला कोणत्या भाषेत रागवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला परत मिळायला हवा. वळिवड्यात स्वतःच्या चुलीने हेच काम केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरित व निर्वासित दिनाच्या संदेशात चार क्रियापदे दिली होती: स्वागत करणे, संरक्षण करणे, उन्नती साधणे आणि सामावून घेणे. आपण बहुधा पहिल्याशीच थांबतो, कारण त्यात हार घालता येतो व फोटो निघतो.

घरात ठेवून घेण्याचेही एक शास्त्र आहे. आपल्याकडची म्हण सगळ्यांना ठाऊक आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ती यजमानाच्या थकव्याची म्हण आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. २०२२ साली पोलंडमधल्या सामान्य कुटुंबांनी अनोळखी युक्रेनी मायलेकरांना आपल्या खोल्या दिल्या. तेथील सरकारने यजमानाला माणशी दररोज ४० झ्लॉटी दिले, तेही ठराविक दिवसांपुरते. ब्रिटनने यजमानांकडून किमान सहा महिन्यांची तयारी मागितली व त्यांना दरमहा ३५० पौंड देऊ केले. म्हणजे मुदत व खर्च ही बोलणी पहिल्याच दिवशी झाली. चांगुलपणावर सगळे सोडून दिले की तीन महिन्यांत दोन्हीकडे मनात अढी बसते.

आपल्या गावात युक्रेनी कुटुंब येण्याची शक्यता थोडी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कोणाच्या नातलगांमार्फत परदेशी माणूस घरी उतरलाच, तर पोलिसांच्या परदेशी नोंदणी कक्षाला वेळेत कळवणे बंधनकारक आहे. हे आधी करावे, पाहुणचार मग.

वळिवड्याचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. युद्ध संपले तरी बहुतेकांना परत जायला गाव उरले नव्हते, कारण तो मुलूख रशियाकडे गेला होता. काही जण पोलंडला, तर बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे गेले आणि १९४८ मध्ये छावणी बंद झाली. त्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजाराचे. पोलंडही विसरला नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे व ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

आपल्या जिल्ह्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास दुसरे लोक येतात. बीडकडून, आपल्याच पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. ते युद्धातून आलेले निर्वासित नाहीत आणि दोघांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. तरी पाच-सहा महिने त्यांचेही राहणे सुटलेले असते आणि ते आपल्या शेजारी असतात. या हंगामात प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने जवळच्या एका टोळीकडे जावे. जाताना जुने कपडे नेऊ नयेत. आधी नावे विचारावीत, मग गरज, आणि गरज त्यांनाच सांगू द्यावी. पिण्याचे पाणी असेल, मोबाईलचे चार्जिंग असेल, की आई-बाप फडात असताना लहानग्यांना बसायला सावली असेल. मुलांनी गावाकडच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड आणले असेल, तर त्यांना हंगामापुरते आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसता येते. कार्ड आणले नसेल, तर आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी त्या गावच्या मुख्याध्यापकांना एक फोन करावा.