खुपणं थांबलं तेव्हा

गहू निघाला की आमच्या देवास-धारकडे डोळ्यात कुसळ जाणं ठरलेलं. थ्रेशरपाशी काम केलेल्या कोणालाही विचारा. कुसळ केसाएवढं, पण धडधाकट माणूस जागच्या जागी खाली बसतो. कुसळ आणि मुसळ आपण मराठीच्या तासाला म्हण म्हणून शिकलो, प्रभूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही ऐकलं. मला त्याचा शब्दशः अर्थ कळला तो केराटोकोनस झाल्यावर.

डोळ्याच्या बुबुळावर जी पारदर्शक काच असते ती कॉर्निया, शास्त्रीय मराठीत पारपटल. मधोमध तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. रक्तवाहिनी एकही नाही, पण नसांचं जाळं इतकं दाट की शरीरात दुसरीकडे क्वचितच सापडेल. केराटोकोनसमध्ये ही काच पातळ होत जाते आणि शंकूसारखी पुढे येते. सुरुवात बहुधा आपल्याच वयात होते. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, रात्री दिव्यांना शेपट्या फुटतात. नागपूरकडच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,६६७ लोकांचे डोळे तपासले गेले. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण २.३ टक्के निघालं. निकष फक्त कॉर्नियाच्या वक्रतेचा होता, म्हणून आकडा जरा सैलच धरावा. तरी हा आजार आपल्याकडे नाही असं म्हणायची सोय उरत नाही.

शंकूबद्दल सगळे बोलतात, नसांबद्दल कमी. कॉर्नियाला किती जाणवतं हे मोजायला नायलॉनचा एक धागा वापरतात. तो ६० मिलिमीटर लांब काढून टोक कॉर्नियाला अलगद टेकवायचं. लांब धागा लवकर वाकतो, म्हणून दाब कमी. कळलं नाही तर धागा आखूड करत जायचं, तसा दाब वाढतो. निरोगी डोळ्याला जवळजवळ पूर्ण लांबीचा स्पर्शही कळतो. केराटोकोनसच्या डोळ्याला बरेचदा धागा आखूड करावा लागतो. कडक लेन्समुळे जाणीव बोथट होते हे खरं, पण लेन्स कधीच न लावलेल्यांतही ती कमी आढळली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नसाही विरळ दिसतात.

आता गंमत बघा (मला तेव्हा ती गंमत वाटली नव्हती). डोळा खाजतो, चुरचुरतो, कोरडा पडतो, आणि तरी स्पर्श नीट कळत नाही. नसांचं काम नुसतं दुखवण्याचं नाही. त्यांच्या सांगण्यावरून पापणी मिटते, पाणी येतं, वरचा पातळ थर भरून निघतो. निरोपच पोचला नाही तर अश्रूंचा पापुद्रा लवकर फाटतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

माझी कडक लेन्स सुरुवातीला रडवायची. काही महिन्यांनी खुपणं थांबलं. सवय झाली म्हणून मी खूश, सकाळपासून रात्रीपर्यंत लेन्स डोळ्यात. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी पिवळा थेंब टाकून निळा प्रकाश पाडला, तर शंकूच्या टोकावर हिरवा चट्टा चमकत होता. साल निघालेली. ते म्हणाले, "दुखलं कसं नाही तुला?" तेव्हापासून लेन्सचे तास मी घड्याळावर मोजतो, डोळ्याला विचारून नाही. तपासणीही ठरल्या तारखेला करतो.

क्रॉसलिंकिंगचंही ऐकून ठेवा. रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण यांनी कॉर्निया घट्ट करतात. आजार पुढे सरकणं बहुतेकांत थांबतं, पण गेलेला आकार पहिल्यासारखा होत नाही. नेहमीच्या पद्धतीत वरचा थर काढतात, त्यामुळे जाणीव आणखी कमी होते आणि काही महिन्यांत हळूहळू परतते. तेवढे दिवस डोळ्याला जास्त जपायचं.

आणि डोळे रगडणं. ॲलर्जीची खाज, रगडणं आणि हा आजार यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. धारचा माझा मावसभाऊ पंधराचा आहे, मुठीने डोळे रगडतो. मावशीला सांगून थंड पाण्याची पट्टी सुरू करवली. परवा फोनवर म्हणाला, "दादा, आता काहीच होत नाही." मी विचारलं, कॉर्नियाचा नकाशा काढला का? नाही म्हणाला. येत्या बुधवारी त्याला घेऊन इंदूरला जातोय.