कपाटाची चावी

आगाशी,
मंगळवार

चि. बाय हीस,


फोनच करणार होतो. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून कागद घेतला.

काल अर्नाळ्याची कोळीण बोंबील घेऊन आली होती. पैसे घेता घेता म्हणाली, “तुमच्या भाचीनं माझ्या पोराला परत पाठवला.” पोरगा सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शनिवारी बसने विरारला तुझ्या ग्रंथालयात आला, इंग्रजी गोष्टीचं पुस्तक मागितलं, आणि तू म्हणालीस, ‘तुला झेपणार नाही, आधी मराठी संपव.’ कपाटाला कुलूप होतं, हेही त्याने घरी सांगितलं. बाई तक्रार करत नव्हती. तिला ते बरोबरच वाटलं होतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

खरं आहे का हे?

कुलूप का, ते मला कळतं. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून आलेली ती रंगीत, गुळगुळीत पुस्तकं. एखादं गहाळ झालं की तपासणीच्या दिवशी दाखल नोंदवही पुढ्यात ठेवून सगळे तुलाच विचारणार. पगार किती मिळतो तेही माहीत आहे. तरी पण, बाय, रंगनाथनांची 1931 सालची पाच सूत्रं तू आमच्या झोपाळ्यावर बसून पाठ केलीस. पुस्तकं वापरासाठी असतात, हे त्यातलं पहिलंच. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हे दुसरं. अर्नाळ्याचा पोरगा त्यात बसत नाही का?

आणि ‘मराठी संपव’ म्हणजे काय? मराठी संपत असतं का? फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला. बाहेरचं वाचून त्यांचं मराठी काही आटलं नाही.

कोणतं पुस्तक मागितलं ते कोळणीला सांगता येईना. ‘होडीचं चित्र होतं’ एवढंच. मला वाटतं, अनिता देसाईंचं ‘द व्हिलेज बाय द सी’ असावं. ते तुझ्या कपाटात मी पाहिलंय. 1982 चं पुस्तक. गाव अलिबागजवळचं थळ. हरी नावाचा मुलगा, बहीण लीला, बाप दारूत, आई अंथरुणाला खिळलेली, आणि गावावर खताच्या कारखान्याचं सावट. हरी गावकऱ्यांच्या मोर्च्याबरोबर होडीने मुंबईला जातो आणि मागेच राहतो. खाणावळीत राबतो, शेजारच्या घड्याळजीकडे घड्याळं दुरुस्त करायला शिकतो. आता सांग, यातलं त्या पोराला काय समजावून द्यावं लागणार आहे? समुद्र? पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या? बापाची दारू? उलट मलबार हिलवरच्या मुलाला टिपा लागतील. (त्यात सुगरणींची घरटी न्याहाळत बसलेला एक म्हातारा आहे. किहीमला सुगरणींचा अभ्यास करणारे सलीम अली आठवल्याशिवाय राहत नाहीत. तू ते वाचलं नसशील तर आधी तूच वाच.)

त्यातलं इंग्रजी जड आहे, कबूल. मग आधी रस्किन बाँडचं ‘द ब्लू अम्ब्रेला’ दे. गढवालची बिन्या, तिची निळी छत्री आणि त्या छत्रीवर जीव जडलेला दुकानदार राम भरोसा. एका बैठकीत संपतं. किंवा ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ दे. आहे 1935 चं, पण परीक्षेला वैतागलेला आणि एम. सी. सी. नावाची क्रिकेट टीम काढणारा पोरगा अर्नाळ्याच्या पुळणीवरही सापडेल. पहिली चार पानं त्याच्यासोबत बसून मोठ्याने वाच. पाठीमागे छापलेलं वय बघू नकोस. रोआल्ड डालच्या ‘माटिल्डा’तली ग्रंथपाल, मिसेस फेल्प्स, आठवते ना? सव्वाचार वर्षांच्या पोरीच्या हातात तिने डिकन्स दिला. झेपेल का म्हणून अडवत बसली नाही.

तुला वाटेल, मामा एका पुस्तकासाठी एवढं का लावून धरतोय. गणितात तुझ्या आईचा हात शाळेत कोणी धरू शकत नसे. सायन्सला गेली, तास सगळे इंग्रजीतून. गणपतीच्या सुट्टीनंतर ती परत गेलीच नाही. घरात आपण अजून ‘तब्येतीमुळे’ म्हणतो. खरं कारण तुलाही माहीत आहे. इंग्रजी आम्हा भावंडांना भेटलं ते फक्त पाठ्यपुस्तकात, धड्याखाली प्रश्न घेऊन. इंग्रजीत कुणी रुसतं, खोटं बोलतं, घरातून पळून जातं, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. मी पहिली इंग्रजी कादंबरी वाचली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. विरार लोकलमध्ये, मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कुणी अर्थ विचारील या धास्तीने. ती स्वामीचीच. दहाव्या वर्षी भेटायचा सवंगडी तिशीत भेटला. आवडला, पण त्याच्याबरोबर खेळायचं वय गेलं होतं. तुझ्या आईला तर तो कधी भेटलाच नाही.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा घेऊन गेल्या. तुझ्याकडे तर पोरगा स्वतः तिकीट काढून आला होता. दिलंस का त्याला पुस्तक? निदान नाव तरी लिहून घेतलंस?

जरा जास्तच बोललो. देवघेव तूच बघायची, नोंदी तूच करायच्या, वर्गणीदारांची बोलणीही तूच खायची. शनिवारी तर श्वास घ्यायला फुरसत नसेल, आणि त्या गर्दीत तोंडून निघून गेलं असेल. तुझ्या मनात आकस नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून चित्रांना नावं देणारी पोरगी तू. तो परत आला तर त्याला सभासद करून घे. अनामत माझ्याकडून घे, पुस्तक हरवलं तर तेही माझ्या नावावर लिही. त्याच्या आईला मी निरोप दिलाय की येत्या शनिवारी पाठव.

रविवारी तू इकडे ये. पाठ दुखते म्हणत होतीस, ती अजून दुखते का? मामीने तुझ्यासाठी सुकेळी बाजूला ठेवलीत आणि मला हात लावू देत नाही. आलीस की ‘द ब्लू अम्ब्रेला’ मलाही आण. माझी प्रत कुणीतरी नेली ती नेलीच.

तुझा,
मामा