औषधाची मात्रा, विश्रांतीची मात्रा

दीर्घकालीन आजारात पालकांची खरी कसोटी वेदनेच्या दिवसांत लागत नाही; मूल बरे दिसू लागले की लागते. मग औषधाचा कंटाळा येतो, दुष्परिणामांचे भय वाटते आणि गोळी परस्पर बंद होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हे विशेष घडते. नंदुरबार, धुळे व दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात हा विकार आढळतो. डिंडोली-उधना परिसरातील अनेक कुटुंबांचे नाते उधना-जळगाव रेल्वेमार्गाने त्याच मुलखाशी जोडलेले असल्याने हा विषय आपल्या दाराशीच आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे या आजारातील प्रमुख औषध. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढांसाठी व २०१७ मध्ये मुलांसाठी त्यास मान्यता मिळाली. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचे प्रमाण घटते आणि वेदनेचे झटके कमी होतात. मात्र हा परिणाम दिसण्यास काही महिने लागतात. 'महिनाभर दिले, गुण आला नाही' हे औषध थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुष्परिणामांत भेद करणे आवश्यक आहे. मळमळ होत असल्यास औषध रात्री झोपताना द्यावे. नखे काळवंडणे किंवा केस थोडे विरळ होणे यात धोका नाही. खरी काळजी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटण्याची. म्हणून प्रारंभी दर महिन्याला व मात्रा स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी. मुलांत न्यूट्रोफिल १,२५०च्या किंवा प्लेटलेट ८०,०००च्या खाली गेल्यास औषध तात्पुरते थांबवून, पेशी पूर्ववत झाल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करता येते. १०१ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. या मुलांची प्लीहा दुबळी असल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. गर्भवती मातेने हे औषध उघड्या हाताने हाताळू नये.

व्यावसायिक बंधूंसाठी दोन सूचना. या औषधाने तांबड्या पेशींचा आकार वाढतो. तो पाहून लगेच बी-१२च्या अभावाचे निदान करू नये. तसेच 'रक्त कमी' म्हणून फेरिटिन न तपासता लोहाचे टॉनिक लिहू नये; वारंवार रक्त चढवलेल्या मुलात लोह आधीच साचलेले असू शकते.

औषधाप्रमाणे विश्रांतीलाही मात्रा असते. रक्तक्षयामुळे ही मुले लवकर दमतात. खेळताना मध्येच थांबण्याची मुभा त्यांना हवी. परंतु खेळच बंद करणे हा उपाय नव्हे. सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत रात्री झोप मोडते. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांसाठी दिवसा घर शांत ठेवतो, तशी दुपारची तासभर शांतता या मुलालाही द्यावी.

अतिविश्रांतीचेही दुष्परिणाम असतात. छातीच्या किंवा बरगडीच्या वेदनेत मूल निपचित पडून राहिले, तर श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि जिवावर बेतणारी गुंतागुंत उद्भवू शकते. अशा वेळी जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा दीर्घ श्वास घ्यायला लावावा. वेदना इतकी असेल की तेही जमत नाही, किंवा धाप लागत असेल, तर रुग्णालयात न्यावे.

आणखी एक गैरसमज झोपेशी निगडित आहे. या आजारात मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे मोठी मुलेही रात्री अंथरुण ओले करतात. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडले जाते. पण पाणी कमी पडले की रक्त दाट होते आणि पहाटे वेदना उसळते. अंथरुणावर रबराची चादर घालावी, रात्री एकदा उठवावे. पाणी तोडू नये आणि मुलास रागावू नये. शाळेतही पाण्याची बाटली व लघवीस जाण्याची परवानगी शिक्षकांकडून मागून घ्यावी.

मे महिन्यात अनेक कुटुंबे गावी जातात आणि औषध इथेच संपते. म्हणून मंडळातील प्रत्येक डॉक्टराने आपल्या बालरुग्णास एक कार्ड द्यावे : वजन, औषधाची मात्रा, नेहमीचे हिमोग्लोबिन, प्लीहेचा आकार, शेवटच्या तपासणीची तारीख. गावचा डॉक्टर मध्यरात्री ते मूल प्रथमच पाहत असेल, तेव्हा हेच कार्ड त्याच्या हाती सर्वाधिक उपयोगी पडेल.