फॉर्म देखणा, पण भरणाऱ्याचं काय?

२००७-०८ च्या सुमारास वेबसाइट बनवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला साधा एचटीएमएल फॉर्म दाखवला की त्याचा चेहरा पडायचा. पांढरे चौकोन, खाली करड्या रंगाचं सबमिटचं बटण. शेजारी अडोबीच्या फ्लॅश या प्लगिनमधला फॉर्म ठेवला की काम तिथंच पक्कं! अलगद सरकणारी पानं, चूक होताक्षणी लाल होणारी चौकट, फाइल किती टक्के चढली ते दाखवणारी पट्टी.

हा सगळा नखराच होता असं नाही. तेव्हाच्या साध्या फॉर्ममध्ये पिनकोड चुकल्याचं बहुधा सबमिट केल्यावर कळे, आणि कधी कधी तोवर भरलेलं सगळं पुसलं गेलेलं असे. एका दमात चार फाइली निवडता येत नसत. खुद्द जीमेलनंही २००९ मध्ये अटॅचमेंट चढवायला फ्लॅशची मदत घेतली होती.

प्रस्तुत लेखकानं त्या काळात एका संस्थेच्या प्रवेशअर्जाचं काम जवळून पाहिलं. संस्थेच्या ऑफिसात फॉर्म झकास चालला. तालुक्याच्या सायबर कॅफेत मात्र त्याच जागी करडा चौकोन आणि प्लेयर अपडेट करण्याची सूचना. अपडेटला ॲडमिनचा पासवर्ड हवा, आणि तो कॅफेत बसणाऱ्या पोराला मालकानं दिलेला नसे. जिथं फॉर्म उघडला तिथं दुसरंच दुखणं. देवनागरीत नाव लिहिलं की ‘किरण’ची वेलांटी ‘क’च्या अलीकडे यायची ती पलीकडे पडायची, जोडाक्षरं तुटायची. सवयीनं बॅकचं बटण दाबलं, तर अख्खा अर्ज गायब.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. २००७ च्या आयफोनमध्ये फ्लॅश नव्हतंच. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणं सांगितली. २०११ च्या नोव्हेंबरात अडोबीनं मोबाइलच्या ब्राउझरपुरता नाद सोडला, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा कारभार आटोपला. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनं मजकूर दाखवायचंच बंद केलं.

दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही ई-फायलिंग फॉर्म तोवरही फ्लॅशमध्येच होते. तारीख साडेतीन वर्षं आधी, जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेली! शेवटी खात्यानं फ्लॅश चालेल असा स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला, तोही फक्त विंडोजसाठी. सिल्व्हरलाइट आणि जावा ॲप्लेट याच वाटेनं गेले. आपल्याकडच्या सीए मंडळींना काही पीडीएफ फॉर्मचा असाच अनुभव आहे. अडोबी रीडरऐवजी काही ब्राउझरांत उघडला की पानावर नुसतं ‘प्लीज वेट’, आणि कितीही वेट केलं तरी पुढे काही नाही.

दरम्यान साधा फॉर्म तिथंच थांबला नव्हता. एचटीएमएल-५ ला ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाणाचा दर्जा मिळाला. आता रिकामी चौकट ब्राउझर स्वतःच अडवतो, अनेक फाइली एकदम घेतो, ईमेलच्या चौकटीत बोट ठेवलं की मोबाइलचा कीबोर्ड @ पुढे करतो. जुन्या ब्राउझरला एखादा नवा प्रकार कळला नाही, तर तो तिथं टाइप करायची साधी चौकट दाखवतो. फॉर्म बंद पडत नाही. हा गुण जाहिरातीत मिरवत नाही, पण मोलाचा तोच.

म्हणून साध्याचंही डोळे मिटून ऐकू नये. ‘नंबर’ प्रकारच्या चौकटीत माउसचं चाक चुकून फिरलं तर काही ब्राउझरांत आकडा बदलतो. पिनकोडला आणि मोबाइल नंबरला ती वापरू नका. मजकुराचीच चौकट ठेवा, कीबोर्ड तेवढा आकड्यांचा मागवा. जन्मतारखेसाठी कॅलेंडर तर नकोच. १९५८ साली जन्मलेल्या आजोबांनी किती महिने मागं सरकत बसायचं? ब्रिटिश सरकारच्या फॉर्मांत त्यासाठी दिवस, महिना, साल अशा तीन साध्या चौकटी असतात.

फ्लॅश गेलं, तरी मोह गेलेला नाही. आज त्याची जागा जावास्क्रिप्टच्या तयार प्लगिनांनी घेतली आहे. नकाशावर जागा दाखवायची किंवा बोटानं सही करायची असेल तर ती जरूर घ्या. पण तालुक्यांच्या यादीसाठी ब्राउझरची स्वतःची यादी काढून प्लगिनची बसवली, की टॅबनं पुढं जाणं, अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येणं, मोबाइलवर सरकवणं, हे सगळं त्या प्लगिनच्या भरवशावर. ते लिहिणाऱ्यानं उद्या काम सोडलं तर निस्तरणार तुम्हीच. आधी साधा फॉर्म पूर्ण चालू द्या, मग उणीव दिसेल तिथंच जोड द्या. आणि तपासणी सर्व्हरवर हवीच, कारण ब्राउझरमधली कुणालाही बंद करता येते.

गिऱ्हाइकाकडे फॉर्म सोपवण्याआधी माउस बाजूला ठेवून तो एकदा फक्त कीबोर्डनं भरा. नाव देवनागरीत लिहा. मग स्वस्तातल्या फोनवर, रेंज कमी असलेल्या जागी पुन्हा भरा. यातलं काही अडलं तर फॉर्म अजून तयार झालेला नाही, कितीही देखणा दिसत असला तरी.