इटलीची मोटार, मुंबईची पद्मिनी

आपल्या सोनारीहून बार्शीमार्गे तुम्ही सोलापूरला जाता ना? त्याच सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. मोटारी भारतातच तयार व्हाव्यात, ही त्यांची जिद्द होती. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता.

१९६४ पासून तेथे इटलीच्या फियाट कंपनीची ‘११०० डी’ ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ साली तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले.

आता तिची रचना पाहा. चार सिलिंडरचे इंजिन पुढे असे. पण त्याची शक्ती एका लांब लोखंडी दांड्याने मागच्या चाकांना मिळे. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच जोडलेली असे. त्यामुळे पुढेही सलग बाक बसे आणि सारे कुटुंब मोटारीत मावे. मुंबईच्या हजारो टॅक्सीवाल्यांची रोजीरोटी याच काळ्या-पिवळ्या मोटारीवर चाले.

मग ती नाहीशी का झाली? १९८३ साली कमी पेट्रोलवर चालणारी मारुती आली. पद्मिनीची बांधणी मात्र जुनीच राहिली. गिऱ्हाईक घटले, उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी वीस वर्षेच चालवता येते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. तिची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

मुलांनो, एकदा शिकून भागत नाही. शिकत राहावे लागते.

स्वाध्याय
१. पुढे सलग बाक का बसवता येई?
२. पद्मिनीचे गिऱ्हाईक का घटले?