बॉनेटखालचा ताप

पुणे

चि. मनूस,

गाडीचे फोटो पाहिले. ट्रॅकवर न्यायची म्हणून मोठा टर्बो बसवलास, ट्यूनिंग झालं, आणि आता एक्झॉस्टला या टोकापासून त्या टोकापर्यंत रॅप गुंडाळायचा, इनटेकच्या पाइपावर सोनेरी टेप लावायची आणि बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलायची, असं तू ठरवलं आहेस. सामान मागवण्याआधी हे पत्र वाच. तुझ्या बेताप्रमाणे केलंस तर पैसे जातील आणि गाडी तशीच तापत राहील.

आधी हिशेब बघ. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग क्रँकपर्यंत पोहोचतो. उरलेली कूलंट, तेल आणि एक्झॉस्ट यांच्यात वाटली जाते. ताकद वाढवलीस म्हणजे हे सगळेच वाटे वाढवलेस. पूर्ण बूस्टवर टर्बोच्या तोंडाशी वायू ९०० अंशांच्या आसपास असतो. कोणतंही आवरण ही उष्णता नाहीशी करत नाही, तिला दुसरीकडे वळवतं. म्हणून प्रत्येक तुकडा लावताना स्वतःला विचार, इथे अडवलेली उष्णता आता जाणार कुठे? उत्तर सापडलं नाही तर तो तुकडा लावू नकोस.

सोनेरी टेपेचं वेड मॅक्लारेन एफ-वनमुळे आहे, हे मी ओळखलं. गॉर्डन मरे यांनी त्या गाडीत बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं, बारा सिलिंडरांचं इंजिन बसवलं आणि त्याच्या भोवतालच्या पोकळीला आतून सोन्याचा वर्ख लावला, एका गाडीला सुमारे १६ ग्रॅम. बॉडी कार्बन फायबरची, आणि तिला धरून ठेवणारं रेझिन उष्णतेने मऊ पडतं. सोनं इन्फ्रारेड किरण जवळजवळ सगळे परत फेकतं आणि कधी काळवंडत नाही. पण वर्ख नेमका कुठे होता ते बघ. तापणाऱ्या वस्तूवर नव्हे, जिला वाचवायचं तिच्यावर, आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा होती. चकचकीत पृष्ठभाग किरण अडवतो, गरम हवा नाही. तुझा इनटेकचा पाइप रेडिएटरमागच्या गरम हवेत बुडालेला आहे, टर्बो त्याच्या समोरही येत नाही. तिथे टेप लावून काही होणार नाही. ती फायरवॉलच्या टर्बोसमोरच्या भागावर लाव, आणि तीही साधी ॲल्युमिनियमची, उष्णता सोसणाऱ्या चिकटाची. किरण परतवण्यात ती सोन्याच्या फार मागे नाही. मात्र पुसत राहा. तेलकट धुळीचा थर बसला की चकाकी गेली, आणि चकाकीबरोबर कामही गेलं.

किरणांचं मी एवढं का सांगतोय? कारण त्यांचा जोर केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३५० अंशांचा पाइप ७०० अंशांवर गेला तर तो दुप्पट नव्हे, जवळजवळ सहापट किरण फेकतो. म्हणजे तुझं खरं संकट टर्बोची टर्बाइनकडची बाजू आणि डाउनपाइपची पहिली वीतभर लांबी एवढ्यातच आहे. पहिला खर्च तिथे कर. शेवटच्या सायलेन्सरला गुंडाळून काहीच हाती येत नाही.

टर्बाइनच्या हाउसिंगला ब्लँकेट घाल. मधला बेअरिंगचा भाग मात्र उघडा ठेव. तिथे तेल फिरतं, ते जास्त तापलं की त्याचा कोळसा होतो आणि बेअरिंग जातं. डाउनपाइप स्टेनलेसचा आहे, त्याला बसॉल्टचा रॅप चालेल. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तोच हा बसॉल्ट. तो वितळवून त्याचे धागे ओढतात. काचेच्या साध्या रॅपपेक्षा तो जास्त ताप सोसतो. गुंडाळताना हातमोजे आणि मास्क घाल. पहिल्यांदा गाडी तापेल तेव्हा धूर येईल, घाबरू नकोस.

पण ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला रॅप लावू नकोस. आत कोंडलेल्या उष्णतेने धातू स्वतःच जास्त तापतो आणि चिरा पडतात. शिवाय तू पावसाळ्यात आंबा घाटातून रत्नागिरीला जातेस. रॅप पाणी धरून ठेवतो, साध्या पोलादाला आतून गंज चढतो आणि वरून काही दिसत नाही. मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग करून घे. महाग पडेल, पण ती जागाच तशी आहे. आणि टर्बोच्या तेलाच्या लाइनीतून जराही गळती असेल तर आधी ती काढ. तेल प्यायलेला रॅप म्हणजे पेटायला तयार असलेली वात. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा किंवा दोर कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कायमची बसते.

आता शील्ड. तुमच्याकडच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारी पुष्कळ माणसं आहेत, तिथे करून घे. टर्बोच्या अगदी लगत स्टेनलेस, जरा लांब ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून ते तापत्या धातूला थेट बोल्टने आवळू नकोस. गरम वस्तू आणि पत्रा यांच्यात बोटभर फट हवी, आणि ती खाली-वर उघडी हवी, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघून जाईल. सगळ्या कडा मुडपून बंद केलेली शील्ड नुसती भट्टी होते. इंजिन माउंटिंगवर हलतं, तेवढी जागाही सोड, नाहीतर पत्रा खडखडून तडकेल.

बॉनेट उचलणं विसर. गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे मागच्या फटीतून गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत ढकलली जाते. सिग्नलला उभी असताना थोडी गरम हवा निघेल, पण ट्रॅकवर उलटंच होईल. कमी दाबाची जागा बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे असते. व्हेंट कापायचेच असतील तर तिथे. पण त्याआधी फुकटातलं काम कर. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या कडेच्या फटी फोमने बुजव, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि आतून न जाता बाजूने निसटते. इंजिनाखालचा प्लास्टिकचा ट्रे काढून फेकला असशील तर परत बसव. तो नसला की बॉनेटखालून हवा ओढली जाण्याचं गणित बिघडतं.

इनटेकला थंड हवा बंपरच्या तोंडाकडून पाइपने आण. हवा ३० अंशांऐवजी ६० अंशांची आत गेली की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. शिवाय नॉकिंग सुरू होऊन ईसीयू टायमिंग मागे घेतो. एवढा खर्च करून मिळवलेली ताकद तिथे जाते.

तुझ्या तिसऱ्या फोटोत ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर दिसतो. त्याचं प्लास्टिक तपकिरी झालंय, आणि शेजारची टाय एका जागी तडकलेली आहे. उद्या कुणी तो काढायला गेलं तर लॉकची जीभ बोटातच तुटून येईल. गाडी तुला तिथे तिची तक्रार लिहून दाखवते आहे. सेन्सरची वायर हलवून लांब बांध, मग स्लीव्ह घाल. नुसती स्लीव्ह घालून तिथेच ठेवलीस तर ती हळूहळू तापेल, एवढंच. क्लचची लाइन आणि ब्रेक ऑइलची टाकीही त्याच बाजूला आहे. डॉट-फोर तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा खाल्ला की हा आकडा १५५ वर येऊ शकतो, आणि कोकणातल्या दमट हवेत ते ओलावा खातंच. ट्रॅकवर नेण्याआधी ते बदल.

अंदाजाने काही करू नकोस. तापमान नोंदवणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात, एकदा रंग बदलला की तो तसाच राहतो. फायरवॉल, कनेक्टर, ब्रेकची टाकी, इनटेक, सगळीकडे लाव आणि घाट चढून ये. इन्फ्रारेड गन चकचकीत पत्र्यावर खोटं, कमी तापमान दाखवते, तिथे काळ्या रंगाचा ठिपका देऊन मोज. आणि लक्षात ठेव, बॉनेटखालचा सगळ्यात वाईट काळ गाडी पळताना नसतो, बंद केल्यावरच्या काही मिनिटांत असतो. हवेचा झोत थांबतो, कूलंट फिरत नाही, आणि टर्बोतली उष्णता सगळीकडे झिरपते. घाट चढून आलीस की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालव, मिनिटभर आयडलवर ठेव, मगच किल्ली फिरव.

पट्ट्यांचे आकडे मला पाठव, बॉनेटला करवत त्यानंतरच. सीटजवळ अग्निशामक सिलिंडर पक्का बसवून घे, तो नसेल तर ट्रॅकवर मी येणार नाही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा मामा