थोरलीची बारावी आणि आईचं बीए

प्रश्न : मी ४१ वर्षांची. बारावी झाली आणि लग्न ठरलं, शिक्षण तिथंच थांबलं. आम्ही सिडकोत राहतो. यजमान अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. थोरली अकरावीला, धाकटा सहावीला, घरी सासूबाई असतात. मुक्त विद्यापीठातून बीए करावं असं फार दिवस मनात आहे. पण या वयात डोक्यात काही शिरेल का? संसार सांभाळून हे कुणाला जमतं का? आणि एक कुतूहल : वर्गात न बसता पदवी घ्यायची ही कल्पना मुळात आली कुठून?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन्हींचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

दिवसभर कामात अडकलेल्या माणसानं शिकायचं कधी, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच अडचणीपायी. सावित्रीबाई स्वतः अक्षरं शिकल्या त्याही लग्नानंतर. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं संसारी बायकांसाठी दुपारचे वर्ग भरत. घरातली जेवणं उरकलेली आणि रात्रीच्या स्वयंपाकाला अवकाश, अशी ती वेळ. बाईच्या दिवसात मोकळी फट कुठं असते हे कुणीतरी नीट पाहिलं आणि शाळा त्या फटीत बसवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पदवीपर्यंत हा विचार पोचायला वेळ लागला. दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी रेडिओ आणि टीव्हीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, जेनी ली या मंत्रीबाईंनी ती नेटानं तडीस नेली आणि १९७१ मध्ये तिथल्या मुक्त विद्यापीठाची पहिली तुकडी अभ्यासाला बसली. त्या तुकडीत शिक्षक होते तशा गृहिणीही मोठ्या संख्येनं होत्या. आपल्या देशात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ झालं, १९८५ मध्ये इग्नू आणि १ जुलै १९८९ रोजी आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं ते यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन शिवारात विद्यापीठाचं आवार आहे, पण तुम्हाला तिथं रोज जायचं नाही. राज्यभरातल्या कॉलेजांतून त्यांची अभ्यासकेंद्रं आहेत. प्रवेश, संपर्कसत्रं, स्वाध्याय जमा करणं, सगळं जवळच्या केंद्रावर होतं. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातले बंदीजनही याच विद्यापीठातून पदव्या घेतात.

रविवारच्या संपर्कसत्राला एकदा जाऊन बसा, प्रवेश घेण्याआधीच. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या मापाचे ते बाक. त्यावर खांद्याला पर्स तशीच ठेवून बसलेली अंगणवाडी सेविका, रात्रपाळी करून परस्पर आलेला सातपूरचा कामगार, निफाडकडून पहिली एसटी धरून आलेली कुणी, आणि मागच्या बाकावर आईच्या वहीची पाठची पानं रंगवत बसलेलं एखादं पोर. सर फळ्याकडे वळले की अर्ध्या वर्गाचे मोबाइल थरथरतात, आणि ते बहुतेक घरचेच फोन असतात. ‘संसार सांभाळून कुणाला जमतं का’ याचं उत्तर मी लिहिण्यापेक्षा तुम्ही तिथं डोळ्यांनी पाहावं.

या शिक्षणातला खरा शिक्षक म्हणजे पुस्तक. एरवीच्या क्रमिक पुस्तकाहून ते वेगळं असतं. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात : हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय काय सांगता आलं पाहिजे. दोन-तीन पानं विवेचन झालं की मध्येच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी. बरेचजण हे मधले प्रश्न गाळून पुढे पळतात. तसं करू नका. पुस्तक मिटायचं, उत्तर कच्च्या वहीत लिहायचं, मग शेवटचं पान उघडून ताडून पाहायचं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटानं तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा तर आठवड्यानंतरचीच असते.

आता वयाचं. खरं तेच सांगते. नवीन गोष्ट झटकन पकडण्याचा, आकडेमोड भराभर करण्याचा वेग विशीनंतर हळूहळू उतरू लागतो. पण शब्दसंग्रह, वाचलेल्याचा अर्थ लावणं, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडणं ही ताकद पन्नाशी-साठीपर्यंत टिकते, पुष्कळदा वाढतेही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं तपासत हे नोंदवलं आहे. म्हणजे सनावळ्या पाठ करायला तुम्हाला लेकीपेक्षा जास्त वेळ लागेल. पण अर्थशास्त्रात मागणी आणि किमतीचा धडा येईल तेव्हा तूरडाळ महागली की घरात मुगाची डाळ वाढते हे तुम्ही वीस वर्षं करत आला आहात. लेकीला ते घोकावं लागेल. समाजशास्त्रातली कुटुंबसंस्था, राज्यशास्त्रातला वॉर्ड आणि महापालिका, मराठीतली ग्रामीण कथा, या सगळ्यांना तुमच्याकडे आधीच जागा तयार आहे. बीएचे विषय निवडताना हे लक्षात ठेवा.

चाळिशी उलटून शिकायला बसणाऱ्यांना सुरुवातीला छळतात त्या दोन गोष्टींचा मेंदूशी संबंध नसतो. पहिली डोळ्यांची. पंधरा मिनिटं वाचलं की कपाळ दुखतं, ओळी हलतात, आणि बाई म्हणते, आता माझ्यानं होत नाही. बहुतेक वेळा तिला जवळचा चष्मा लागलेला असतो, एवढंच. पुस्तकं घेण्याआधी डोळे तपासून घ्या. दुसरी हाताची. वीस वर्षांत किराणाच्या यादीपलीकडे पेन धरलेलं नसतं आणि परीक्षेत सलग तासन्‌तास लिहायचं असतं. पहिल्या पेपरला अर्ध्यातच अंगठा आखडतो, येत असलेलं उत्तर कागदावर उतरत नाही. आजपासून रोज एक पान लिहा, वर्तमानपत्रातला अग्रलेख उतरवून काढला तरी चालेल.

खरी अडचण घड्याळाची आहे, आणि तुमच्या घरात तर तीन घड्याळं आहेत. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा पहाटेच डबा, म्हणजे पहाटेचा अभ्यास संपला. सेकंड शिफ्टला यजमान रात्री साडेअकराच्या पुढे येणार आणि ताट गरम हवं, म्हणजे रात्र गेली. नाइट असली की दिवसा ते झोपलेले, घरात आवाज करायचा नाही. त्या आठवड्यात दुपार मात्र तुमची होऊ शकते, कारण टीव्ही बंद असतो. म्हणून एकच वेळापत्रक भिंतीला लावू नका, ते दुसऱ्याच आठवड्यात मोडेल. शिफ्टप्रमाणे तीन करा. फर्स्टच्या आठवड्यात दुपारी मुलं येण्याआधीचा तास, सेकंडच्या आठवड्यात संध्याकाळी यजमान घरी नसताना, नाइटच्या आठवड्यात दुपारी. रोज दीड तास पक्का मिळाला तर पुरे. सलग चार तास मिळतील तेव्हा बसू, असं म्हणणारी माणसं बसतच नाहीत. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या बायका काढणीच्या दिवसांत वही उघडणारच नाही असं धरून बाकीच्या महिन्यांत अभ्यास वाटून टाकतात. तुमच्या घरातही दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा हे आठवडे आधीच वजा करा.

तरीही दीड तास आकाशातून पडत नाही, तो कुणाच्या तरी हातून यावा लागतो. इथं मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आई अभ्यासाला बसली की घरातलं काम बहुतेक घरांत थोरल्या मुलीकडे सरकतं. कुणी तसं ठरवत नाही. ‘आईला जरा मदत कर गं’ म्हणत म्हणत आईची पदवी लेकीच्या अभ्यासातून कापली जाते. तुमची थोरली अकरावीला आहे, तिच्यावर हे येऊ देऊ नका. यजमानांशी बसून कामं नावानिशी वाटून घ्या : सेकंड शिफ्टला ताट स्वतः गरम करून घेणं, रविवारी सकाळचा स्वयंपाक, धाकट्याचा गृहपाठ, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा. सहावीतला मुलगा आपला डबा धुऊ शकतो, पाणी आलं की पिंप भरू शकतो. सासूबाईंशी मात्र तुम्ही स्वतः बोला, यजमानांकरवी नको. परीक्षेच्या तारखा त्यांना आधी सांगा. पुष्कळ घरांत मी पाहिलं आहे की ज्या सासूचा विरोध होईल अशी धास्ती असते तीच पेपरच्या दिवशी दारात दही-साखर घेऊन उभी असते. शिकायचं राहून गेल्याचं दुःख त्या पिढीला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे.

घर पाठीशी असलं की काय होतं याचं मोठं उदाहरण पार्वतीबाई आठवल्यांचं. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा. त्यांची थोरली बहीण आनंदीबाई म्हणजे महर्षी कर्व्यांची पत्नी. या बहीण-मेव्हण्यांच्या आधारानं त्या पंचविशीनंतर पुण्यात शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. इंग्रजीवाचून काम अडतं असं वाटलं म्हणून १९१८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी कामं करून इंग्रजी शिकल्या. धैर्य त्यांचं होतंच. पण मूल घेऊन शिकायला येणाऱ्या बाईला ज्या घरानं सामावून घेतलं, त्या घराचंही श्रेय मला तितकंच वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर तुमचं माहेरचं नाव असणार, आधारवर सासरचं. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीचा डीईबी आयडी आणि श्रेयांकांचं एबीसी खातं काढावं लागतं, आणि नाव जुळलं नाही की गाडी तिथंच अडते. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी महापालिकेतून काढा, गरज पडली तर नावबदलाचं राजपत्र. ज्या वाचक भगिनींची बारावी राहिली आहे त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बारावी करावी. पूर्वी पूर्वतयारी शिक्षणक्रमातून शाळेचा दाखला नसलेल्यांनाही इथं पदवीची वाट मोकळी होती, आणि त्या वाटेनं पुष्कळांचं भलं झालं. पण पुढे नोकरीत प्रश्न उपस्थित होऊ नये म्हणून आज बारावी पदरात असणंच बरं.

या पदवीचं पुढे काय, हेही तुम्ही मनात विचारत असणार. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असते, हे यूजीसीनं स्पष्ट केलेलं आहे. मात्र तीन वर्षांनी तुम्ही ४४ च्या व्हाल. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, तेव्हा तो दरवाजा तुमच्यासाठी बंद आहे. कुणी क्लासवाला वेगळं सांगत असेल तर ऐकू नका. खासगी शाळा, ग्रंथालयं, संस्थांची कार्यालयं, बचतगटांचं हिशेबाचं काम इथं पदवीचा उपयोग होतो. ग्रंथालयशास्त्राचा शिक्षणक्रम याच विद्यापीठात पुढे करता येतो. आणि नोकरी करायची नसेल, निव्वळ राहून गेलेलं पुरं करायचं असेल, तर त्यासाठी कुणालाही कारण द्यायची गरज नाही.

राहता राहिलं, सुरुवात कधी करायची. सगळे तुम्हाला सांगतील, थोरलीची बारावी होऊन जाऊ दे. माझं मत उलट आहे. तिच्या बारावीनंतर तिची अ‍ॅडमिशन येईल, मग धाकट्याची दहावी, मग सासूबाईंचं दुखणंखुपणं, आणि तुम्ही ४७ च्या व्हाल. त्यापेक्षा ती बारावीच्या अभ्यासाला बसेल तेव्हा तुम्ही त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा. त्या वर्षी तुमच्या घरी पाहुणेरावळे तसेही कमी होणार, टीव्हीही बंद असणार. एरवी लेकीसाठी जी शांतता घर पाळणार आहे ती दोघींना पुरेल. पहिल्या सत्रात एखादा विषय मागे राहिला तर राहू द्या, तो पुढच्या परीक्षेला निघतो. येत्या उन्हाळ्यात माहेरी जाल तेव्हा शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत मागून घ्या. शाळा सुट्टीत बंद होतात, म्हणून जाण्याआधी फोन करा.